साबणाच्या खोक्यावरचे विज्ञान

लंडनमधल्या हाइड पार्क या मोठ्या बागेच्या ईशान्य कोपऱ्यात कोणीही उभे राहावे आणि मनात असेल ते बोलावे, अशी जुनी रीत आहे. १८७२ सालच्या एका कायद्याने या रीतीला आधार मिळाला. आता, गर्दीत बोलणाऱ्याला सगळ्यांना दिसायचे असेल तर पायांखाली काहीतरी हवे. त्या काळी साबणाच्या वड्या लाकडी खोक्यांतून दुकानात येत. असे एखादे रिकामे खोके आणायचे, पालथे घालायचे आणि त्यावर चढून बोलायला लागायचे. त्यावरून रस्त्यावरच्या वक्त्याला इंग्रजीत 'साबणाच्या खोक्यावरचा वक्ता' म्हणू लागले. धर्मप्रचारक, कामगार पुढारी, निवडणुकीचे उमेदवार आणि काही निव्वळ विक्षिप्त माणसे, असे सगळे या खोक्यावर चढून गेले. २०११ साली त्यावर स्त्री-शास्त्रज्ञ चढल्या.

हा उपक्रम दोघींनी सुरू केला. सेरिअन समनर या गांधीलमाश्यांच्या समाजजीवनाच्या अभ्यासक. नाताली पेटोरेली या लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत काम करणाऱ्या. उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरून जमिनीवरची हिरवाई आणि तिच्या आधाराने जगणारे प्राणी यांचा माग काढणे हा त्यांचा विषय. उपक्रमाचे नाव 'सोपबॉक्स सायन्स'. पहिला कार्यक्रम थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, फिरायला येणाऱ्या लोकांच्या वाटेतच झाला. पद्धत अगदी साधी आहे. एका दुपारी साधारण बारा जणी, एका वेळी चौघी, प्रत्येकीला तासभर. ध्वनिक्षेपक नाही, पडदा नाही, स्लाइड नाहीत. अंगात प्रयोगशाळेतला पांढरा कोट, म्हणजे आपल्याकडे ज्याला अ‍ॅप्रन म्हणतात तो, हातात घरी तयार केलेली साधने आणि पायांखाली खोके. जो थांबेल तो श्रोता, न थांबेल तो वाटसरू. सुरुवातीचा पैसा प्राणिशास्त्रीय संस्थेकडून आणि लॉरिआल ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी व युनेस्को यांच्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठीच्या योजनेतून आला. पुढे ब्रिटनमधल्या अनेक शहरांत आणि ब्रिटनबाहेरही ही खोकी मांडली गेली.

उपक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या कारणासाठी कौतुक होते, ते आम्हाला त्यातले सर्वांत मोलाचे कारण वाटत नाही. 'रस्त्याने जाणाऱ्या लहान मुलीला शास्त्रज्ञ बाई दिसते आणि तिच्या मनातले शास्त्रज्ञाचे चित्र बदलते', असे सांगितले जाते. हे खरे असेलही. पण खोक्याची खरी करामत श्रोत्याला मिळणाऱ्या मोकळिकीत आहे, असे आमचे मत आहे. उलट स्त्रियांच्या बाबतीत हा उपक्रम जो दावा करतो, तो अधिक कठोरपणे तपासायला हवा. या दोन गोष्टी एकत्र मोजल्या जातात म्हणून दोन्हींचे मूल्यमापन बिघडते.

आधी श्रोत्याविषयी. २०१७च्या उन्हाळ्यात आम्ही असा कार्यक्रम पाहिला तेव्हा चारही खोक्यांपुढे थोडा थोडा वेळ थांबण्याऐवजी एकाच खोक्याजवळ पूर्ण तास उभे राहिलो. बोलणारी पीएच.डी.चे काम करणारी मुलगी होती. विषय होता, जिवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासे कसे होतात. तिच्याजवळ प्लॅस्टिकच्या चेंडूंनी भरलेली टोपली होती. बहुतेक चेंडू निळे, दोन-चार लाल. एखाद्या मुलाला ती डोळे मिटून मूठभर चेंडू काढायला लावी. मग 'औषध' म्हणून निळे चेंडू बाजूला करी. उरलेल्या लाल चेंडूंमागे आणखी लाल चेंडू घाली. चार फेऱ्यांत टोपली लाल होई. साधन चांगले होते. आपल्या वर्गातही बांगड्यांचे तुकडे किंवा चिंचोके घेऊन सहज करता येईल.

पहिल्यांदा बोलताना तिने 'निवडीचा दाब' या शब्दापासून सुरुवात केली. चौघे-पाच जण थांबले होते, त्यातले तिघे दुसऱ्या वाक्याला निघून गेले. तिला ते दिसले. दुसऱ्या वेळी तिने शब्द बदलला. तिसऱ्या वेळी तिने बोलण्याआधी विचारले, "गेल्या वर्षभरात अँटिबायोटिकच्या गोळ्या कोणी कोणी घेतल्यात?" सगळे हात वर झाले आणि कोणी हलले नाही. मग एका वयस्क गृहस्थांनी मध्येच विचारले, "मी इतकी वर्षे या गोळ्या घेतोय. आता माझ्या शरीराला त्यांची सवय झाली असणार, नाही का?" ती क्षणभर गप्प झाली. या प्रश्नाची तयारी तिने केलेली दिसत नव्हती. मग एक लाल चेंडू उचलून ती म्हणाली, "सवय तुमच्या शरीराला होत नाही. बदल होतो तो यांच्यात. तुम्ही आयुष्यात एकही गोळी घेतली नसली, तरी हा चेंडू दुसऱ्याकडून तुमच्याकडे येऊ शकतो." पुढच्या खेपेला या वाक्यापासूनच तिने सुरुवात केली.

जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना हा गैरसमज परिचयाचा असेल. प्रतिरोध माणसाच्या शरीरात निर्माण होतो, असे चांगले शिकलेले लोकही धरून चालतात. प्रत्यक्षात जिवाणूंच्या लोकसंख्येत, औषध येण्यापूर्वीच, थोडे निराळे असलेले जिवाणू असू शकतात. औषध इतरांना मारते आणि यांना मोकळे रान मिळते. पाठ्यपुस्तकात हे लिहिलेले असते. तरीही गैरसमज जात नाही, कारण तो कोणी बोलून दाखवत नाही. वर्गात विद्यार्थ्याला चुकीचे बोलायची भीती असते. सभागृहात प्रश्न विचारायला ध्वनिक्षेपक हातात येण्याची वाट पाहावी लागते, आणि तो येईपर्यंत माणूस आपला साधा प्रश्न गिळून मोठ्या शब्दांतला एखादा प्रश्न शोधतो. फूटपाथवर त्या गृहस्थांना गमावण्यासारखे काहीच नव्हते. उत्तर आवडले नसते तर ते चालू लागले असते.

आपल्या तासाला मुले उठून जाऊ शकत नाहीत. पस्तीस-चाळीस मिनिटे ती समोर बसलेली असतात, म्हणून ती ऐकत आहेत असे आपण मानतो. खोक्यावरच्या वक्त्याला ही सोय नाही. तिचे वाक्य फसले की समोरची जागा रिकामी होते. तपासणी तिथल्या तिथे होते आणि निकाल लगेच कळतो. शिवाय तोच विषय एका तासात पाच-सहा वेळा सांगायचा असल्याने सुधारायची संधीही लगेच मिळते. महाविद्यालयात एक व्याख्यान फसले तर तेच पुन्हा द्यायची वेळ वर्षाने येते! २०२० साली साथीमुळे असे कार्यक्रम संगणकाच्या पडद्यावर घ्यावे लागले. तो नाइलाज होता हे मान्य. पण तिथे ऐकणारा मुद्दाम आलेला असतो आणि निघून गेला तर बोलणारीला दिसतही नाही. नाव तेच राहिले तरी खोके नाहीसे झाले होते.

मात्र रस्त्याची ही तपासणी सर्व विषयांना सारखी लागू पडत नाही, आणि हा आमचा पहिला आक्षेप. गोळ्या सगळेच घेतात, म्हणून वरच्या मुलीचे काम सोपे होते. समनर यांचाच विषय घ्या. २००७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामातल्या गांधीलमाश्यांवरचे एक सुरेख काम प्रसिद्ध केले. ३३ पोळ्यांवरच्या ४२२ माश्यांच्या पाठीवर रेडिओलहरींनी ओळखता येणाऱ्या चिमुकल्या पट्ट्या चिकटवल्या आणि कोणती माशी कोणत्या पोळ्यावर येते-जाते याची नोंद ठेवली. कामकरी माशी आपल्याच पोळ्याशी एकनिष्ठ असते ही समजूत होती. प्रत्यक्षात ५६ टक्के माश्या शेजारच्या पोळ्यांवरही जाताना आढळल्या. त्या पोळ्यांवरही त्यांचे नातलग असतात. तेव्हा मदत एकाच घरी न करता चार घरी वाटून ठेवणे हा धोका विभागण्याचा मार्ग असावा, असे अनुमान निघाले. स्वतः अंडी न घालता दुसऱ्याची पिल्ले वाढवणारा जीव उत्क्रांतीत टिकतो कसा, या जुन्या कोड्याशी हे थेट जोडलेले आहे. (याच कोड्यावर आपल्याकडे बंगळूरला राघवेंद्र गडगकर यांनी रोपालिडिया जातीच्या गांधीलमाश्यांवर अनेक वर्षे काम केले. आपल्या शाळेच्या वळचणीला कागदासारखे राखाडी पोळे लागते, ते याच गटातल्या माश्यांचे असण्याचा संभव बराच आहे.)

आता फूटपाथवरचा पहिला प्रश्न कोणता असेल? "पण या माश्यांचा उपयोग काय?" त्याला उत्तर आहे: त्या अळ्या आणि इतर किडे मारतात, काही फुलांचे परागण करतात. उत्तर खरे आहे, लोकांना आवडतेही. फक्त त्यात ते कोडे राहत नाही. पाच खेपांनंतर बोलणारी उपयोगापासूनच सुरुवात करू लागते, आणि जे शोधण्यासाठी तिने चार उन्हाळे घालवले त्याविषयी ती बोलतच नाही. रस्ता भाषा सुधारतो, पण विषयाला उपयुक्ततेच्या उतारावरून खालीही ओढतो. औषधे, आहार, प्लॅस्टिक, हवामान यांना तिथे गर्दी होते. गणितातल्या एखाद्या सिद्धतेने तिथे काय करावे? आयोजकांनी हा उतार ओळखून काही उपाय केला पाहिजे. साधा उपाय म्हणजे शेवटची दहा मिनिटे राखून ठेवायची आणि त्यात 'आम्हाला अजून न सुटलेले' एवढ्याचबद्दल बोलायचे. लोक कोड्यांपुढेही थांबतात. गल्लीत पत्त्यांची जादू दाखवणाऱ्याला कोणी तिचा उपयोग विचारत नाही.

आता स्त्रियांविषयी. इथे आधी त्या पांढऱ्या अ‍ॅप्रनचे पाहू. १९८३ साली डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने अनेक वर्षे सुमारे पाच हजार शाळकरी मुलांना 'शास्त्रज्ञाचे चित्र काढा' एवढेच सांगितले होते. त्या सगळ्या चित्रांत स्त्री होती फक्त २८ चित्रांत, आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. चित्रांतल्या साचेबंदपणाच्या खुणा मोजण्यासाठी चेंबर्सने सात लक्षणे ठरवली. त्यातले पहिलेच लक्षण पांढरा कोट. मग चष्मा, दाढी-मिशा, काचपात्रे वगैरे. म्हणजे साचा मोडायला निघालेल्या उपक्रमाने त्या साच्याची पहिलीच खूण अंगावर घातली आहे. पोळ्याजवळ तासन्‌तास बसणारी, उपग्रहाच्या प्रतिमा वाचणारी, समीकरणे सोडवणारी बाई कामावर असताना कधी हा कोट घालत नाही. गर्दीत शास्त्रज्ञ चटकन ओळखू यावी म्हणून तो घालतात, हे कारण आम्हाला कळते. पण 'हिला तुम्ही ओळखणार नाही' हेच तर दाखवायचे होते. कोटाच्या आतले माणूस बदलले, कोट तसाच राहिला. निदान युरोपीय आयोगाने २०१२ साली केलेल्या फजितीपेक्षा हे पुष्कळ बरे. मुलींना विज्ञानाकडे वळवण्यासाठी आयोगाने एक चित्रफीत काढली होती. तिच्यात उंच टाचांच्या मुली, लिपस्टिक आणि रंगीत चूर्णे यांच्या मधून विज्ञान अधूनमधून डोकावत होते. शास्त्रज्ञांनीच इतका गदारोळ केला की ती मागे घ्यावी लागली. सोपबॉक्सवाल्या निदान आपले खरे काम घेऊन उभ्या राहतात.

चित्र काढण्याच्या या प्रयोगाची गोष्ट इथे संपत नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या अशा ७८ अभ्यासांची, म्हणजे वीस हजारांहून अधिक मुलांच्या चित्रांची एकत्र तपासणी प्रसिद्ध झाली. चेंबर्सच्या वेळी स्त्रीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. १९८५ नंतरच्या अभ्यासांत ते सरासरी २८ टक्क्यांपर्यंत गेले. याच काळात, १९६० ते २०१३ या वर्षांत, तिथल्या रसायनशास्त्रज्ञांत स्त्रियांचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आणि भौतिकशास्त्र-खगोलशास्त्रात ३ वरून ११ टक्क्यांवर गेले होते. याच तपासणीत असेही दिसले की पाच-सहा वर्षांची मुले स्त्री आणि पुरुष शास्त्रज्ञ जवळजवळ सारख्या प्रमाणात काढतात. सात-आठ वर्षांपासून पुरुषाचे पारडे जड होऊ लागते आणि पुढे होतच जाते. आमच्या मते यातून दोन गोष्टी निघतात. मुलांच्या मनातले चित्र वास्तवाच्या मागोमाग बदलते. आधी प्रयोगशाळेत माणसे बदलावी लागतात. आणि मुले हा साचा जन्मतः आणत नाहीत, शाळेच्या वयात उचलतात. दुसरी गोष्ट तर आपल्याच अंगणातली आहे. चौथीच्या वर्गात हा प्रयोग करून पाहायला एक कोरा कागद पुरतो.

वास्तव कसे बदलते? यासाठी लंडनचाच इतिहास पाहावा लागेल. हर्था आयर्टन या विदुषी विजेच्या आर्क दिव्यांवर काम करत. दोन कर्बकांड्यांमधून प्रखर ज्योत पाडणारे हे दिवे पूर्वी रस्त्यांवर असत, आणि आपल्या तंबूतल्या सिनेमाच्या यंत्रातही असत. हे दिवे मध्येच फुसफुसत आणि त्यांचा प्रकाश डळमळे. कर्बाच्या टोकाशी हवेतला ऑक्सिजन पोचल्याने असे होते, हे आयर्टनबाईंनी दाखवले. १८९९ साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी स्वतः निबंध वाचला आणि त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-सदस्य झाल्या. १९०२ साली रॉयल सोसायटीसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, तेव्हा विवाहित स्त्रीला सदस्य करता येत नाही असा कायद्याचा सल्ला सोसायटीला मिळाला. १९०४ साली त्याच सोसायटीत त्यांनी आपला निबंध वाचला. १९०६ साली पदकही मिळाले. सदस्यत्व मात्र नाही. सोसायटीत स्त्रिया सदस्य झाल्या त्या १९४५ साली. फॅरेडेच्या मेणबत्तीवरच्या व्याख्यानांमुळे आपल्याला माहीत असलेली रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळातली व्याख्याने १८२५ साली सुरू झाली. ती देणारी पहिली स्त्री, सुझन ग्रीनफिल्ड, तिथे उभी राहिली १९९४ साली. मधे एकशे एकोणसत्तर वर्षे गेली.

आयर्टनबाईंचा १९०४चा तो निबंध कशावर होता, तेही सांगायला हवे. ओहोटीनंतर वाळूवर उमटलेल्या समांतर वळ्यांवर. कोकणातल्या कोणत्याही किनाऱ्यावर त्या दिसतात. काचेच्या हौदात पाणी आणि वाळू घेऊन तो मागेपुढे झुलवून त्यांनी दाखवले की वाळूच्या बारीकशा उंचवट्यामागे पाण्याचा भोवरा तयार होतो, तो वाळू उचलून उंचवट्यावर चढवतो आणि वळी वाढत जाते. माशांची आयताकृती टाकी चार गोल पेन्सिलींवर ठेवून, तळाशी बारीक धुतलेली वाळू आणि चार बोटे पाणी घेऊन, ती हळूहळू पुढेमागे सरकवली तर वर्गातही वळ्या उठतात. यापेक्षा खोक्यासाठी अधिक योग्य प्रयोग आम्हाला सुचत नाही.

याच आयर्टनबाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या होत्या. २१ जून १९०८ रोजी त्या चळवळीने हाइड पार्कमध्ये लाखोंची सभा भरवली. वीस व्यासपीठांवरून स्त्रिया बोलल्या. या स्त्रिया बागेत कशाला आल्या होत्या? पार्लमेंटचे दार बंद होते म्हणून. बाग ही त्यांची वाट होती, मुक्काम नव्हता. सोपबॉक्स सायन्सने हाइड पार्कची परंपरा उचलली. पण या खोक्यावरून कोणते दार ठोठावले जाते? वाटसरू हसतमुखाने ऐकतो, मुलगी हात हलवते, सगळे छान होते. नेमणूक समितीतला माणूस मात्र तिथून जात नसतो. आणि गेला तरी त्याला कोणी काही विचारत नाही.

योगायोगाने २०११ सालीच ब्रिटनमध्ये दुसरीही एक गोष्ट घडली. विद्यापीठांनी स्त्रियांना समान संधी देण्याबाबत काय केले हे तपासून प्रमाणपत्र देणारी अ‍ॅथेना स्वान नावाची योजना तिथे २००५पासून होती. २०११ साली देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी जाहीर केले की या योजनेतले रौप्य प्रमाणपत्र ज्या वैद्यकीय विभागांकडे नाही, त्यांचा मोठ्या संशोधन-निधीसाठी विचार होण्याची अपेक्षा ठेवू नये. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयांची प्रमाणपत्रासाठी रांग लागली. कागदपत्रांचा बोजा वाढला, तो बहुतेक ठिकाणी पुन्हा स्त्रियांवरच पडला, अशा तक्रारी झाल्या. २०२० साली ती अट काढून टाकण्यात आली. ती योजना निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. पण तिने प्रश्न संस्थेला विचारला होता. खोके तो प्रश्न बाईलाच विचारते: तू अजून दिसत का नाहीस? चढ, मोठ्याने बोल. प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्याचा शनिवार त्याच्या निबंधासाठी मोकळा राहतो, आणि हिचा शनिवार विज्ञानातली विषमता दूर करण्यात जातो.

जागेविषयीही एक शंका आहे. थेम्सच्या दक्षिण तीरावर नाट्यगृहे, संगीतगृहे, पुस्तकांचे ठेले आहेत. शनिवारी दुपारी तिथे फिरायला येणारा माणूस साधारणतः आधीच विज्ञानाला अनुकूल असतो. खोके तेच, पण ते कोणत्या फूटपाथवर ठेवले यावर पुष्कळ अवलंबून आहे.

आपल्याकडे हे करावे का, असे काही शिक्षकांच्या मनात आले असेल. आपल्याला रस्त्यावरचे विज्ञान नवे नाही. १९८७ साली भारत जन विज्ञान जथा देशाच्या पाच टोकांकडून निघून भोपाळला पोचला होता. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय दुर्बिणी पाहायला विज्ञान दिनाला हजारो शाळकरी मुले जातात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय?' हा कार्यक्रम २००९पासून नाट्यगृहात रविवारी सकाळी होत आला आहे. पण दुर्बीण किंवा नाट्यगृह गाठायला मुद्दाम निघावे लागते. आठवडी बाजारात, एस.टी.च्या स्थानकावर, यात्रेत भेटणारा माणूस वेगळा. आणि आपल्या चौकात एकटी बाई पेटीवर उभी राहून बोलू लागली तर काय होते, हे सांगायला नको. १८४८ नंतरच्या पुण्यात शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर रस्त्यातच शेण-चिखल पडत होता. रस्ता सर्वांना सारखा मोकळा नसतो. आयोजकांनी हे गृहीत धरूनच सोबतीची माणसे नेमायला हवीत.

कमला सोहोनी यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, अटी घालून का होईना प्रवेश घेतला, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईत ग्राहकांच्या चळवळीत त्या मनापासून पडल्या. 'कीमत' या तिथल्या नियतकालिकातून लिहू लागल्या आणि संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. म्हणजे आधी दार उघडायला लावले आणि मग रस्त्यावर आल्या. आणि आल्या त्या रोज दूध, डाळ, तेल विकत घेणाऱ्या बाईचा प्रश्न घेऊन. २०१८ सालच्या सरकारी आकडेवारीत आपल्या देशातल्या संशोधकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. रस्त्यावर कितीही पेट्या मांडल्या तरी हा आकडा पेट्यांनी हलणारा नाही.

तरीही पेट्या मांडाव्यात, असे आम्ही म्हणू, आंब्याच्या चालतील. जवळच्या महाविद्यालयातल्या किंवा संशोधन संस्थेतल्या दोघी-तिघींना बाजाराच्या दिवशी बोलावून पाहावे. अ‍ॅप्रन घालायला सांगू नये. शेतावर काम करणारीने शेतावरच्याच कपड्यांत यावे. प्रत्येक पेटीशेजारी दहावी-अकरावीचे दोन विद्यार्थी वही घेऊन बसवावेत आणि लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत, न सुधारता उतरवून घ्यावे. कोणत्या वाक्याला लोक निघून गेले, तेही लिहावे. ही वही पुढे वर्षभर वर्गात कामाला येते. आणि बोलावणे पाठवताना ते त्या बाईंच्या नावाने न पाठवता त्यांच्या विभागप्रमुखांच्या नावाने पाठवावे. त्यात दोन गोष्टी विचाराव्यात: हा दिवस कामाचा दिवस म्हणून धरला जाईल का, आणि बढतीच्या वेळी त्याची नोंद कोणत्या रकान्यात होईल. विभागात स्त्रिया किती, हे विचारायलाही त्याच पत्रात जागा असते. उत्तर लेखी मागावे, आणि आले तर तेही त्या वहीत चिकटवावे.